जहाजाची ज्वारी

आमच्या रेल्वे कॉलनीत इंदुबाईंना इंदुमती या त्यांच्या खऱ्या नावाने कोणी ओळखत नसे. मराठी घरांत त्या इंदुबाई आणि राजस्थानी शेजारणींना 'भंतेजी की मां'. या दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली की बाई पदर सारखा करून जरा ताठ उभ्या राहायच्या, हसून उत्तर द्यायच्या, आणि घरात शिरल्यावर बराच वेळ कोणाशी बोलायच्या नाहीत. मला आधी वाटायचं, बाई शिष्ट आहेत. पुढे कळलं की त्यांना रडू आवरायला तेवढा वेळ लागतो.

जयपूरला रेल्वेचा नवा झोन झाला तेव्हा भुसावळ, अकोला, नागपूरकडची बरीच माणसं बदली होऊन इकडे आली. आम्ही त्यांतलेच. खातीपुऱ्याच्या बाजूला क्वार्टर मिळालं आणि शेजारी जनार्दनभाऊंचं बिऱ्हाड आलं. ते डब्यांचे फिटर. माणूस सरळ, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला बोल्ट काढायचा. इंदुबाई बुलढाण्याकडच्या, त्यांचं बोलणं थेट गावचं. मुलगी रूपाली जयपुरात वाढली, त्यामुळे तिचं मराठी ऐकलं की हसावं की समजवावं हे मला कळत नसे. आमचे नागनाथराव, म्हणजे माझे यजमान, रेल्वेच्या ऑफिसात कारकून आणि आमच्या बौद्ध मंडळाचे सेक्रेटरी. ऑफिसात जेवढं लिहीत त्याच्या दुप्पट ते मंडळासाठी लिहीत. मी त्यांची बायको, आनंदी. मला लिहायचा कंटाळा, म्हणून हे इतक्या वर्षांनी लिहिते आहे.

इंदुबाईंचा मुलगा विशाल घरात नव्हता. त्याचं असं झालं. आमच्यात उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना श्रामणेर शिबिराला पाठवायची पद्धत आहे. दहा दिवस डोकं भादरायचं, चीवर नेसायचं, भिक्षेचं खायचं आणि अकराव्या दिवशी घरी येऊन पुन्हा क्रिकेट खेळायचं. आईबापांना पुण्य, पोराला शिस्त. विशाल कॉलेजात होता, हुशार होता, पण मित्रांच्या नादाने जरा भटकायचा. जनार्दनभाऊ म्हणाले होते, राहू दे. इंदुबाईंनीच हट्ट धरून त्याला नागपूरच्या शिबिराला धाडलं. दहा दिवस संपले, बाकीची पोरं परतली, विशालचा निरोप आला: मी चीवर उतरवणार नाही. जनार्दनभाऊ त्याला आणायला गेले आणि एकटे परत आले. पुढे तो पाली शिकायला श्रीलंकेला गेला, तिथे रीतसर भिक्खू झाला. नाव पडलं सुमेध. भन्ते सुमेध.

भिक्खू झालेला मुलगा आईचा राहत नाही. आईने त्याला वंदन करायचं, तुम्ही म्हणायचं, अंगाला हात लावायचा नाही. तो आईला उपासिका म्हणणार, जशी कोणत्याही बाईला म्हणेल. इंदुबाईंना हे सगळं ठाऊक होतं आणि त्यांना त्याचा अभिमानही होता, अगदी खरा. वरच्या जातीतल्यांनी ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला त्या घरातला मुलगा समुद्रापलीकडे धम्म शिकतोय, त्याच्यापुढे मोठमोठी माणसं वाकतात, हे काय थोडं आहे? पण अभिमानाने पोट भरत नाही. मला एकदा त्या म्हणाल्या होत्या, त्याचे कान लहानपणी थंडीत लाल व्हायचे, आता डोक्यावर केस नाहीत, तिकडे थंडी पडते का हो? मी म्हटलं, तिकडे थंडी नसते. त्यांना ते बरं वाटलं.

दर पौर्णिमेला संध्याकाळी फोन व्हायचा. रूपालीकडे एक चायना मोबाइल होता, आवाज असा की शेजारच्या ब्लॉकला ऐकू जावा. इंदुबाई पाट मांडायच्या, पाटावर धुतलेला रुमाल, रुमालावर मोबाइल, आणि समोर हात जोडून बसायच्या. "वंदामि भन्ते." तिकडून आवाज, "सुखी होतु, उपासिका." मग प्रकृती, पाऊस, अभ्यास. मग तो मंगलगाथा म्हणायचा आणि फोन बंद. पाट मात्र बराच वेळ तसाच राहायचा. तो उचलायची घाई त्या घरात कोणी करत नसे.

अशी सहा वर्षं जात आली. मग दोन हजार नऊ साली एक गोष्ट ठरली आणि इंदुबाई एकदम तरुण दिसायला लागल्या.

झोटवाड्यात आमचं छोटं विहार आहे. एका बाजूला लेथचा कारखाना, दुसऱ्या बाजूला टायरचं दुकान, मधे आमचा पत्र्याचा हॉल. रविवारी वंदना चालू असते तेव्हा लेथही चालू असतो. त्यातली बुद्धमूर्ती प्लॅस्टरची, जयपूरच्या उन्हाने तिला कानापासून खांद्यापर्यंत चीर गेलेली. नवी मूर्ती घ्यायची ठरली. आता ज्या शहरात अख्ख्या देशाच्या मूर्ती घडतात, गल्लीगल्लीत संगमरवराची धूळ उडते, तिथे राहून मूर्ती बाहेरून आणायची म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण नागनाथरावांच्या मनाने घेतलं की मूर्ती श्रीलंकेचीच हवी. पत्रं गेली, पत्रं आली. भन्ते सुमेध राहत त्याच विहाराने मूर्ती दान द्यायचं कबूल केलं. जूनच्या शेवटी तिथले काही भिक्खू भारतात येणार, नागपूरचा कार्यक्रम करून मूर्ती घेऊन जयपूरला येणार आणि हिंदी-मराठी येतं म्हणून त्यांच्याबरोबर भन्ते सुमेध असणार. आषाढी पौर्णिमेला भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो, मग तीन महिने त्यांनी जागा सोडायची नसते, म्हणून त्याच्या आतच यायचं. वर्षावास संपला की सुमेध पुढच्या अभ्यासाला ब्रह्मदेशात जाणार होते. किती वर्षांसाठी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. म्हणजे भेट व्हायची तर आत्ताच.

ही बातमी नागनाथरावांनी सांगितली तेव्हा इंदुबाई गहू निवडत होत्या. निवडतच राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "भन्ते आपल्या घरी जेवतीन का?"

नागनाथराव म्हणाले, एक भोजनदान तुमच्याकडेच ठेवू, सकाळी अकराच्या आत. झालं. त्या दिवसापासून त्या घराला उसंत राहिली नाही. क्वार्टरला चुना लागला. भन्तेंच्या आसनासाठी नवी गादी शिवली. जयपुरात बाजरी मागाल तेवढी मिळते, पण इंदुबाईंना हवी होती आपल्याकडची ज्वारी, तीही गावरान. एका ओळखीच्या गार्डाकरवी त्यांनी ती नागपूरहून मागवली, चक्कीवाल्याला आधी चक्की साफ करायला लावली आणि समोर उभं राहून दळून घेतली. विशालला पाटवड्यांचा रस्सा फार आवडायचा. इंदुबाईंनी त्या चारदा करून बघितल्या, चारही वेळा आम्हाला खायला घातल्या, आणि चारही वेळा म्हणाल्या की जमलं नाही. मी सांगते, उत्तम जमल्या होत्या. मूर्तीचं मंडळाला कौतुक, भिक्खूंचं नागनाथरावांना. इंदुबाईंचं सगळं लक्ष त्या एका ताटावर होतं. आपण वाढू, तो जेवेल, आपण समोर बसून बघू. बोलायला नाही मिळालं तरी चालेल, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आणि नेमकं त्याच जूनमध्ये ते जहाज आलं.

श्रीलंकेतलं सरकार आणि तमिळ बंडखोर यांचं युद्ध मे महिन्यात संपलं होतं. लाखो तमिळ माणसं तारेच्या कुंपणाआड छावण्यांत होती. त्यांच्यासाठी युरोपातल्या त्यांच्या भाईबंदांनी धान्य, दूधपावडर, औषधं गोळा करून एक जहाज धाडलं. श्रीलंकेच्या नौदलाने ते समुद्रात अडवलं, तपासलं आणि माघारी पाठवलं. ते चेन्नईकडे आलं आणि बाहेरच थांबून राहिलं. टीव्हीवर हे दोन-तीन दिवस चाललं. कोलंबो म्हणाली, सुरक्षेचा प्रश्न आहे. चेन्नईचे पुढारी गरजले, एकमेकांवरच जास्त. दिल्ली म्हणाली, आम्ही परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत. लक्ष ठेवून कोणाचं पोट भरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, आणि खरा भात जहाजात.

आमच्या मागच्या ब्लॉकमध्ये सेल्वी राहायची. तिचा नवरा रेल्वेतच. तिचे आईवडील पूर्वी श्रीलंकेच्या चहामळ्यांवर होते. दोन्ही देशांचा करार झाला तेव्हा ते भारतात परतले, पण मोठी मुलगी तिकडे लग्न होऊन गेली होती, ती राहिली. ती बहीण आता छावणीत होती, एवढंच सेल्वीला कळलं होतं. जयपुरातल्या तमिळ कुटुंबांनी कलेक्टरला निवेदन द्यायचं ठरवलं: भारत सरकारने मधे पडून जहाजाला वाट मिळवून द्यावी. सेल्वी दारोदार सह्या गोळा करत होती. आमच्याकडेही आली. नागनाथराव म्हणाले, मंडळाच्या बैठकीत ठरवून सांगतो. मी म्हटलं, सही तुमची आहे की मंडळाची? त्यावर त्यांनी मला चहा टाकायला सांगितलं.

बैठक झाली. लेथच्या आवाजात दोन तास झाली. काही म्हणाले, निषेध करा, बुद्धाने करुणा शिकवली ती काय भिंतीवर टांगायला? काही म्हणाले, गप्प बसा, श्रीलंका बौद्ध देश, आपणच बोट दाखवलं तर आपल्याकडे बोट दाखवायला टपलेले कमी आहेत का? आणि मूर्ती यायची आहे, भन्ते यायचे आहेत. दोन्हीकडे तथ्य होतं, म्हणूनच भांडण मिटेना. शेवटी नागनाथरावांनी एक वाक्य तयार केलं आणि सर्वांनी माना हलवल्या. 'मंडळ सदैव मानवतेच्या बाजूने उभे आहे.' मानवतेच्या विरुद्ध कोण उभं आहे, याचा त्यात पत्ता नव्हता. इंदुबाई बायकांच्या रांगेत मागे बसून सगळं ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी सेल्वी त्यांच्याकडे गेली. "दीदी, आप मत कीजिए," असं म्हणतच गेली म्हणे, आपको मुश्किल होगी, मैं तो बस बताने आई. बहीण तारेच्या आत आहे, तिला दोन लहान मुलं आहेत, एवढं सांगून ती रडली. इंदुबाईंनी तिला पाणी दिलं आणि कागद मागून घेतला.

ही बातमी कॉलनीत पसरायला किती वेळ लागतो? नागनाथराव चप्पल घालून तसेच त्यांच्याकडे गेले, मागोमाग मी. निवेदन द्यायला अजून दोन दिवस होते, सही खोडता आली असती. ह्यांनी परोपरीने समजावलं. भन्ते परदेशात, त्यांच्या व्हिसाचं काय, मूर्तीचं काय, तुमच्या भोजनदानाचं काय. जनार्दनभाऊ खाटेवर बसून ऐकत होते. इंदुबाईंनी ह्यांना पुरतं बोलू दिलं.

मग म्हणाल्या, "भाऊजी, बहात्तरच्या दुष्काळात मी लहान पोर होती. माय रोजगार हमीवर खडी फोडे, मी भावाले मांडीवर घेऊन झाडाखाली बसे. तवा गावात लाल जवारी आली. कडू लागे, भाकर थापली का तुटे. माय म्हने, जहाजातून आली, समुद्रावरून. आमाले ना जहाज ठावं, ना समुद्र. पन ते आली म्हनून मी हाय. मधातच कोनी म्हनलं असतं, जा माघारी, तं मी कुठं असती? आन् भन्ते तरी कुठून झाले असते?"

नागनाथराव म्हणाले, "वहिनी, पण भन्तेंचं येणं..."

"ते ठावं हाय मले," त्या म्हणाल्या, आणि आमच्यासाठी पाटवड्या वाढायला उठल्या. पाचव्यांदा केल्या होत्या.

निवेदनाच्या दिवशी त्या सेल्वीबरोबर बनीपार्कच्या कलेक्टर ऑफिसात गेल्या. सकाळपासून लू सुटलेली. तमिळ बायका रंगीत साड्यांत आणि मधे इंदुबाई पांढऱ्या साडीत, जी आमच्या बायका विहारात नेसतात. एक स्थानिक पुढारी यायचे होते. ते सगळं आटोपल्यावर आले, मधोमध उभे राहिले, निवेदनाचा कागद आपल्या हातात घेऊन त्यांनी फोटो काढवला आणि समुद्र, माणुसकी आणि आपला पक्ष यांवर पाच मिनिटं बोलले. ज्या माणसाने आयुष्यात तलावापलीकडे पाणी पाहिलं नाही त्याने समुद्राबद्दल इतकं बोलावं याची मला गंमत वाटली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि आमच्याकडे तर उंटही आहेत. पत्रकाराने मात्र पांढऱ्या साडीतल्या बाईला विचारलं, आप कौन? सेल्वीने सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी हिंदी पेपरच्या आतल्या पानावर इंदुबाईंचा फोटो: 'श्रीलंका में भिक्षु है बेटा, मां ने मांगी जहाज के लिए राह'. रूपालीने तो कापून ठेवला. जनार्दनभाऊंनी तो घडी करून खिशात घातला आणि कामावर नेला, असं तिने मला सांगितलं.

इथवर काहीही बिघडलं नव्हतं. जयपूरच्या हिंदी पेपरचं आतलं पान श्रीलंकेत कोण वाचतो? दुसऱ्या दिवशी त्यात समोशे बांधले जातात. पण सेक्रेटरी आमचे नागनाथराव. जन्म ऑफिसात गेलेला. साहेबाने विचारायच्या आत खुलासा देऊन मोकळं व्हायचं, ही त्यांची नोकरीतली शिकवण, आणि आजवर तिने त्यांना तारलंही होतं. त्यांनी मंडळाच्या लेटरहेडवर थेट श्रीलंकेच्या त्या विहाराला इंग्रजीत खुलासा लिहिला. सदर सही वैयक्तिक असून मंडळाचा तिच्याशी संबंध नाही, सदर महिला अल्पशिक्षित आहेत, भन्ते सुमेध यांच्या त्या पूर्वाश्रमीच्या माता असल्या तरी त्यांचे मत भन्तेंचे मानू नये. सोबत पेपरचं कात्रण, स्कॅन करून. सायबर कॅफेतून ते रवाना केलं आणि घरी येऊन मला म्हणाले, आता कोणी काही विचारायच्या आधीच आपण सुरक्षित. मी कपाळावर हात मारला. आ बैल मला मार, दुसरं काय. ज्यांच्या गावीही हे नव्हतं त्यांना ह्यांनी फोटोसकट कळवलं होतं. त्या दिवशी मी ह्यांच्याशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चार दिवसांत नागपूरहून निरोप आला की जयपूरचा कार्यक्रम विचाराधीन आहे. आणि त्यानंतरच्या संध्याकाळी रूपाली धावत आली. "काकू, मतलब, सात बजे दादाचा फोन येणार. काकांना पण बोलावलंय." पौर्णिमा नव्हती. सहा वर्षांत पौर्णिमा सोडून कधी फोन झाला नव्हता, आणि तो स्वतः कधीच करत नसे.

आम्ही गेलो तेव्हा पाट मांडलेला होता. इंदुबाई अंघोळ करून पांढरी साडी नेसून बसलेल्या. जनार्दनभाऊ भिंतीला टेकून, रूपाली दारात. पिठाचा डबा ओट्यावर तसाच होता, झाकणावर फडकं बांधलेला. फोन वाजला. वंदन झालं, आशीर्वाद झाला. आवाज शांत होता, मराठी पुस्तकासारखं, मधेच एखाद्या शब्दासाठी अडखळणारं.

भन्ते म्हणाले, मंडळाचं पत्र मिळालं. विहाराचे प्रमुख थेरो, म्हणजे वडील भिक्खू, यांनी ते मला दाखवलं. ते रागावलेले नाहीत, त्यांच्याविषयी मनात काही आणू नका. त्यांचा एक शिष्य बॉम्बस्फोटात गेला. इथे घराघरात मेलेले आहेत, दोन्हीकडच्या घराघरांत. पण विहारातल्या काही जणांचं म्हणणं पडलं की असा फोटो छापून आल्यावर मला भारतात पाठवणं बरं दिसणार नाही. त्यावर थेरोंनी एक मार्ग काढला आहे. मी एक पत्र लिहायचं की माझ्या पूर्वाश्रमीच्या आईला परिस्थितीची माहिती नव्हती, तिची दिशाभूल करून सही घेतली, ती सही ती मागे घेते. तसं लिहिलं की झालं. तिकिटं तयार आहेत, मूर्ती बांधून ठेवली आहे. नाही लिहिलं तर मूर्तीबरोबर दुसरे भिक्खू येतील.

मग ते म्हणाले, "पत्र तुमच्या वतीने आहे, उपासिका. तुम्हाला न विचारता लिहिणं म्हणजे खोटं बोलणं होईल. म्हणून विचारतो. तुमची दिशाभूल झाली होती का?"

मी आयुष्यात पुष्कळ प्रश्न ऐकले, पण इतका सोपा आणि इतका जीवघेणा प्रश्न दुसरा ऐकला नाही. एक 'हो' म्हणायचं होतं. त्या 'हो'च्या पलीकडे मुलगा होता, दारातून आत येणारा, गादीवर बसणारा, भाकर मोडणारा. आमचे नागनाथराव हात जोडलेल्या अवस्थेतच मान जोरजोरात हलवत होते, म्हणा हो, म्हणा हो. रूपालीने ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं. इंदुबाईंनी जनार्दनभाऊंकडे पाहिलं. त्यांनी वर बघितलं नाही, पण म्हणाले, "तुह्या मनानं सांग." दिवसभरातलं त्यांचं ते बहुधा पहिलंच वाक्य असेल.

इंदुबाईंनी फोनला विचारलं, "भन्ते, ते जहाजातलं धान्य पोचलं का त्याइले?"

"नाही, उपासिका. अजून नाही."

"मंग?" त्या म्हणाल्या. "मले कोनी भुलवलं नाई. मी पाहून-समजून सही केली. तुमी लिहू नका."

तो आता येणार नव्हता, हे सगळ्यांना कळलं होतं. बाहेर पाण्याचा टँकर आला होता, बायका बादल्या घेऊन पळत होत्या, एरवी मीही पळाले असते. मोबाइलमधून काही ऐकू येत नव्हतं. फोन कटला की काय म्हणून रूपाली पुढे वाकली, तर त्यावरचे आकडे पुढे सरकत होते. तो तिकडे होता आणि गाथा म्हणत नव्हता.

इंदुबाईंचे जोडलेले हात सुटले. त्यांनी ते मांडीवर ठेवले आणि कॉलेजातून उशिरा आलेल्या पोराला विचारावं तशा आवाजात म्हणाल्या, "जेवला का रे?"

आम्ही चपापलो. भिक्खूला अरे-तुरे, आणि संध्याकाळी सात वाजता जेवणाचं विचारायचं. दुपार टळली की भिक्खू अन्नाला शिवत नाही, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि इंदुबाई तर बाकीच्या बायकांना हे नियम शिकवायच्या. नागनाथरावांनी तर डोळेच मिटून घेतले. मला वाटलं, आता तो पुस्तकी आवाज येईल, समजूत घालेल, सुखी होतु म्हणेल आणि फोन ठेवेल.

आवाज आला, पण तो भन्तेंचा नव्हता. खातीपुऱ्याच्या ह्याच क्वार्टरमधून वह्या टाकून क्रिकेटला पळणाऱ्या मुलाचा होता. "नाई वं आई," तो म्हणाला. "भूक लागली."

इंदुबाई चटकन उठल्या, ओट्यापर्यंत गेल्या, पिठाच्या डब्याचं फडकं सोडलं, आणि हातात फडकं धरून तिथेच उभ्या राहिल्या.